आजीच्या गोळीत धातू असतो का?

धाड येथील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात कामाला आहे. पोळ्याला तो घरी आला आणि बोलता बोलता म्हणाला, "आजी, तू तापाची गोळी घेतेस ना, तसली औषधं आमच्याकडे काळ्या भुकटीवर बनतात. त्या भुकटीत धातू असतो." झाले! त्या दिवसापासून आजीबाईंनी गोळी बंद केली. एवढ्यावर भागले असते तरी चालले असते, पण दिराच्या चार वर्षांच्या मुलीला ताप भरला तेव्हा तिलाही औषध पाजू दिले नाही. सारी रात्र ओल्या फडक्याच्या घड्यांवर काढली. "मुलगा खोटे बोलत नाही आणि सासूबाई ऐकत नाहीत. मी काय करावे?" असे या भगिनी विचारतात.

प्रश्न साधा वाटतो, पण चांगला आहे. गोळी पोटात गेल्यावर काय करते हे आपण या सदरात पुष्कळदा पाहिले. पोटात जाण्यापूर्वी ती कशी बनली, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज त्याविषयी.

प्रथम हे सांगितले पाहिजे की मुलगा म्हणतो ते खरे आहे. आज बाजारात असलेल्या असंख्य औषधांच्या निर्मितीत कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, निकेल, तांबे यांसारखा धातू वापरला जातो. मात्र तो औषधाचा भाग म्हणून नव्हे, तर 'उत्प्रेरक' म्हणून. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोन्ही घरांना एकत्र आणतो, सोयरीक जमवतो आणि बैठक उठली की पुढच्या घरी जायला मोकळा! तो कोणाच्या घरात राहायला जात नाही. धातूच्या पृष्ठभागावर दोन रसायने एकत्र येतात, एकमेकांशी जुळतात आणि निघून जातात. धातू होता तसाच उरतो, निदान तशी अपेक्षा असते.

आजीबाईंना हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण त्यांच्या स्वयंपाकघरात ही भुकटी फार पूर्वीच डोकावून गेली आहे. वनस्पती तूप, म्हणजे आपला डालडा, भारतात १९३७ पासून मिळू लागला. पातळ तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करायचे, आणि हे घडवून आणायचे ते मातीसारख्या सच्छिद्र पदार्थावर बसवलेल्या निकेलच्या कणांनी. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली याचे पेटंट घेतले. तूप तयार झाले की निकेल गाळून काढतात आणि पुन्हा वापरतात. तुपात किती निकेल मागे राहिलेले चालेल याचीही मर्यादा आपल्या अन्न कायद्यात आहे : दहा लाख भागांत दीड भाग. डालड्याने लोकांच्या हृदयाचे नुकसान केले हे खरे, पण ते निकेलने नव्हे. अर्धवट घट्ट झालेल्या तेलात जे ट्रान्स फॅट तयार होते, त्याने केले. त्यावर २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे. निकेलवर उगाच आळ यायचा आणि खरा चोर बाजूलाच राहायचा, असे हे प्रकरण!

आता तापाच्या गोळीकडे वळू. क्रोसीन, कॅल्पॉल, डोलो, नाव काहीही असो, आत असते ते पॅरासिटामॉल. ते प्रथम १८७८ च्या सुमारास अमेरिकेत हार्मन मोर्स यांनी बनवले. त्यांनी त्यासाठी कथिल वापरले होते, म्हणजे धातूशी या औषधाचे नाते जन्मापासूनचे. पुढे सत्तर वर्षे कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही. १९४८ मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड या दोघांनी दाखवून दिले की त्या काळच्या ॲसिटॅनिलाइड नावाच्या औषधाचा गुण शरीरात तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलमुळेच येतो. तेव्हा कुठे १९५० नंतर ते बाजारात आले.

पॅरासिटामॉल बनवण्यासाठी आधी पॅरा-अमिनोफिनॉल नावाचा पदार्थ लागतो. नाव जड आहे, पण एकदा लक्षात ठेवा, कारण सारी गोष्ट याच्याभोवती आहे. त्याची जुनी रीत अशी : नायट्रोजन आणि ऑक्सिजनची जोडी असलेले एक संयुग घ्यायचे, त्यात लोखंडाचा कीस आणि आम्ल टाकायचे. लोखंड गंजते आणि गंजताना त्या संयुगातला ऑक्सिजन ओढून घेते. आंत्वान बेशां या फ्रेंच माणसाने १८५४ मध्ये ही युक्ती काढली. युक्ती स्वस्त, लोखंडाचा कीस कुठेही मिळणारा, त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे ती चालली. तोटा एकच, पण डोंगराएवढा. इथे लोखंड मध्यस्थ नाही, ते स्वतःच खर्ची पडते. कागदावरचा रासायनिक हिशेब मांडला तरी एक टन पॅरा-अमिनोफिनॉलमागे सुमारे १.६ टन लोखंडाचा काळा गाळ निघतो. औषधापेक्षा गाळ जास्त! शिवाय तो ओला, आम्लाने भिजलेला आणि आत विषारी रसायनांचे अंश अडकलेला. तो टाकायचा कुठे? जिथे कारखानदार नीट असेल तिथे बंदिस्त खड्ड्यात, आणि जिथे नसेल तिथे नाल्याकाठी.

औषध कारखान्यांचे सांडपाणी हा काही काल्पनिक बागुलबुवा नाही. हैदराबादजवळ पटनचेरू येथे अनेक औषध कारखान्यांचे पाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. रुग्णाच्या रक्तात असते त्यापेक्षाही हे प्रमाण जास्त होते. एका गावाचा ताप उतरवण्यासाठी दुसऱ्या गावाची विहीर नासवायची, हा सौदा आरोग्याचा म्हणता येणार नाही.

लोखंडाच्या जागी दुसरा मार्ग आहे तो हायड्रोजन वायूचा. हायड्रोजनने ऑक्सिजन ओढून घेतला की उरते काय? पाणी. नायट्रोबेंझीन या तेलकट द्रवापासून थेट पॅरा-अमिनोफिनॉल केले, तर हिशेबाने एक टन मालामागे १६५ किलो पाणी निघते. कुठे १.६ टन गाळ आणि कुठे हे १६५ किलो पाणी! परंतु हायड्रोजन आपण होऊन काही करत नाही. त्याला मध्यस्थ लागतो, आणि या कामात उत्तम मध्यस्थ ठरला तो प्लॅटिनम.

प्लॅटिनमचा एक ग्रॅम घ्यायचा तर काही हजार रुपये मोजावे लागतात. तो नुसता तुकडा म्हणून टाकला तर फक्त वरचा थर कामी येतो, आतला धातू फुकट. म्हणून तो अतिसूक्ष्म कणांच्या रूपात कोळशावर बसवतात. हाच आपल्या धाडच्या मुलाने पाहिलेल्या काळ्या भुकटीचा प्रकार. हा कोळसा चुलीतला नव्हे. तो विशेष प्रक्रिया करून आतून पोखरलेला, नारळाच्या करवंटीपासूनही करतात. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या, तर सुमारे हजार चौरस मीटर जागा भरते. शेतकऱ्याच्या भाषेत दहा गुंठे, म्हणजे पाव एकर. चिमूटभर कोळशात पाव एकर रान, आणि त्या रानात प्लॅटिनमची पेरणी!

कोळशावर बसवण्याचा दुसरा फायदा अधिक मोठा आहे, आणि तो समजायला चहाचे भांडे पुरे. चहात साखर विरघळते, ती पुन्हा काढता येत नाही. पत्ती विरघळत नाही, ती गाळणीत अडकते. पुष्कळशी धातूंची संयुगे साखरेसारखी असतात. ती रसायनांत विरघळून काम उत्तम करतात, पण शेवटी औषधातून ती वेगळी काढायची म्हणजे डोकेदुखी. कोळशावर बसलेला धातू पत्तीसारखा. काम झाले की गाळून घ्या, धुवा, पुढच्या घाणीला पुन्हा वापरा. पॅरा-अमिनोफिनॉलच्या बाबतीत तर एक सुंदर युक्ती आहे. अमेरिकेतील मॅलिनक्रॉट कंपनीने १९६८ साली तिचे पेटंट घेतले. सगळे नायट्रोबेंझीन संपू द्यायचेच नाही. थोडे उरले की थांबायचे. ते पाण्यात मिसळत नाही, स्वतंत्र थर करून राहते, आणि काळी भुकटी त्या तेलकट थरातच तरंगत राहते. माल पाण्याच्या थरात जातो. दोन थर वेगळे केले की भुकटी आपोआप पुढच्या खेपेला तयार.

या विषयावर आपल्या महाराष्ट्रातही मोलाचे काम झाले आहे, ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. १९५० च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते हिचे उद्घाटन झाले. तेथील डॉ. रघुनाथ विठ्ठल चौधरी, डॉ. चंद्रशेखर रोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोबेंझीनपासून एकाच पायरीत पॅरा-अमिनोफिनॉल करण्याची पद्धत अभ्यासली आणि तिला २००० साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. यातली अडचण मोठी गमतीची आहे. नायट्रोबेंझीन प्लॅटिनमवर आले की आधी एक अर्धवट पदार्थ तयार होतो. तो वेळेत धातूवरून उठून शेजारच्या आम्लाच्या थरात गेला तर हवे ते पॅरा-अमिनोफिनॉल होते. धातूवरच रेंगाळला तर ॲनिलीन होते, आणि ते विषारी, नको असलेले. म्हणजे पाहुणा जेवून वेळेवर उठला तर बरा, ओसरीवर मुक्काम ठोकला तर घात! घुसळण किती वेगाने करायची, हायड्रोजनचा दाब किती, आम्ल किती, तापमान ८० अंशांच्या आसपास कसे राखायचे, हे सगळे त्यासाठी बसवावे लागते. वायू, तेल, आम्लपाणी आणि घन भुकटी असे चौघांचे हे बिऱ्हाड एका भांड्यात नांदवायचे असते.

ही रीत पूर्ण सोवळी आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यात गंधकाचे सौम्य आम्ल लागते, शेवटी ते अमोनियाने मारावे लागते आणि त्याचा क्षार उरतो. त्याचीही विल्हेवाट आहेच. पण लोखंडाच्या गाळाशी त्याची बरोबरी होणार नाही.

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही, हे आपण सर्वांनी २०२० साली अनुभवले. पॅरासिटामॉलचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनमधून येत असे. करोनाची साथ सुरू होताच पुरवठ्याची काळजी पडली, आणि ३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह २६ औषधे व त्यांचे घटक यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. एक-दीड रुपयाच्या गोळीसाठी एवढा मोठा देश खडबडून जागा झाला. त्यानंतर केंद्राने कच्च्या औषधांसाठी प्रोत्साहन योजना आणली, तिच्या यादीत पॅरा-अमिनोफिनॉल होते, आणि रायगड जिल्ह्यातील रोह्याच्या साधना नायट्रो केम या कंपनीला ते बनवण्यासाठी मान्यता मिळाली. ज्या गावात असे कारखाने येतात त्या गावाने किती टन माल निघणार हे जसे विचारावे, तसेच कुठल्या रीतीने निघणार हेही विचारावे.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. गोळीत धातू राहतो का? गाळणीतून थोडा गाळ जसा कपात उतरतो, तसा धातूचा नगण्य अंश राहू शकतो. किती चालेल याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. तोंडाने घ्यायच्या औषधांतून दिवसभरात पॅलेडियम किंवा प्लॅटिनम सुमारे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि निकेल २२० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाता कामा नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हा आकडा निम्मा जीव घेणारा वगैरे नाही. जन्मभर रोज घेतले तरी अपाय होऊ नये असा धरून काढलेला आहे. निकेल तर डाळींत आणि शेंगदाण्यातही निसर्गतः असते, आणि ते आजीबाई लहानपणापासून खात आल्या आहेत. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर धातूचा टप्पा आधीचा आहे. त्यानंतर माल शुद्ध होतो, त्यापासून पॅरासिटामॉल बनते, ते पुन्हा शुद्ध होते आणि मग गोळी. तेव्हा धातूच्या भीतीने गोळी सोडण्याचे काहीही कारण नाही, आणि लहान मुलीला तापात तळमळत ठेवण्याचे तर मुळीच नाही.

तपासायचेच असेल तर गोळीचा रंग तपासा. पॅरासिटामॉल ओलाव्यात फार काळ राहिले तर काही अंशी मोडून पुन्हा पॅरा-अमिनोफिनॉल बनू शकते आणि ते हवेने गुलाबी-तपकिरी पडते. हा पदार्थ मूत्रपिंडाला घातक, म्हणून औषधात तो दहा लाखात ५० भागांपेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे. मुळात पांढरी असलेली गोळी डागाळलेली दिसली तर टाकून द्यावी. न्हाणीघराच्या फळीवर किंवा चुलीजवळच्या कोनाड्यात गोळ्या ठेवण्याची सवय सोडावी.

खरा धोका गोळीच्या मात्रेत आहे. मोठ्या माणसाने एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन वेळांत चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या पुढे कदापि नाही. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, दारूचे व्यसन असेल तर मर्यादा याहून खाली, डॉक्टर सांगतील ती. मुलांना वजनाच्या दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. इथे बाटली नीट वाचावी, कारण पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे आणि २५० मिलिग्रॅमचे अशी दोन्ही सिरपे मिळतात, आणि तान्ह्या बाळांचे थेंब तर त्याहून कितीतरी तीव्र असतात. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे एक तापाची आणि एक सर्दीची असे घेताना दुप्पट जाते. जास्त गोळ्या घेतल्यानंतर पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत वाटतो आणि तिकडे यकृत जळत असते. अशा वेळी वाट न पाहता दवाखाना गाठावा. उतारा आहे, त्याचे नाव ॲसिटिलसिस्टीन, आणि तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. पहिल्या तासाभरात पोहोचलात तर डॉक्टर कदाचित पोखरलेला कोळसाच पाजतील. तोच, दहा गुंठ्यांचा!

पत्रात भगिनींनी न विचारलेली एक गोष्ट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. धातूची काळजी घ्यायची ती आजीने नव्हे, त्यांच्या नातवाने. धातू ना गोळीत जातो ना नदीत, कारण तो गाळणीत अडकतो. पण ती गाळणी उघडतो कोण? तोच मुलगा.

वापरलेल्या भुकटीत हायड्रोजन मुरलेला असतो. ती कोरडी पडून हवेला लागली तर आपोआप पेट घेते, आणि शेजारी ज्वालाग्राही द्रव असला तर मोठी आग. म्हणून ती नेहमी पाण्याने ओली ठेवायची, कोरडी खरवडायची नाही, हा पहिला नियम. निकेलने कातडीला खाज आणि पुरळ येते. नकली दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांना हे ठाऊक आहे. पण निकेलच्या संयुगांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर नाकाचा आणि फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. धुळीचा खास मास्क लागतो आणि तो देणे कारखान्याचे काम आहे. नायट्रोबेंझीन हाताळणाऱ्याने तर आणखी जपावे. ते कातडीतूनही शरीरात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद मारते. ओठ व नखे निळसर होणे, डोके दुखणे, दम लागणे ही त्याची खूण. ती काही तासांनी, घरी आल्यावरही दिसू शकते. अशा वेळी डॉक्टरांना कारखान्यात काय हाताळले ते स्पष्ट सांगावे, कारण मिथिलीन ब्लू नावाचे औषध त्यावर आहे, पण कारण कळले तरच ते सुचेल. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन घातक रसायनांची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. माहिती मागणे हा उद्धटपणा नाही.

भुकटी पुन्हा पुन्हा वापरता येते म्हणतात, त्याच्याही मर्यादा आहेत. संशोधनाच्या लेखांत "पाच वेळा वापरून पाहिली" असे अभिमानाने लिहिलेले आढळते. कारखान्याचे पाच वेळांत काय भागणार? हळूहळू धातूचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, कोळशाची भोके बुजतात, गंधकाचा अंश आला की धातू निकामी होतो. काही धातू सुटून द्रवात उतरतो तो वेगळाच. तो उतरतो की नाही हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे : काम अर्ध्यावर असताना गरम असतानाच भुकटी गाळून काढायची. पत्ती काढल्यावरही चहा गडद होत राहिला तर समजावे की पत्तीतले काही आत विरघळले आहे. थकलेली भुकटी घातक कचरा म्हणून नोंदवून अधिकृत ठिकाणी पाठवावी लागते. प्लॅटिनम असेल तर तो परत मिळवतात, कारण त्यात पैसा आहे. निकेलच्या बाबतीत तेवढी घाई दिसत नाही.

भगिनींनी मुलाला एवढे जरूर सांगावे की कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत आणि तिथेच धुवावेत. ते शक्य नसेल तर वेगळ्या पिशवीत बांधून आणावेत, घरच्या कपड्यांत, आणि विशेषतः लहान मुलीच्या कपड्यांत, मिसळू नयेत. आणि वर्षाची वैद्यकीय तपासणी झाली की तिचा कागद मागून घ्यावा.